धायरीचं वर्कशॉप आणि छोटी इलेक्ट्रिक पिकअप: रेंज पुरेल, पण गाडी तेवढी फिरेल का?

प्रश्न थोडक्यात असा. धायरीत ग्रिल, सेफ्टी डोअर आणि पत्र्याच्या शेडचं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. जुना डिझेल छोटा हत्ती आता दर वर्षी पासिंगला खर्च काढतो. रोजचं फिरणं तीस-चाळीस किलोमीटर, महिन्यातून दोन-तीनदा भोर किंवा साताऱ्याकडे साइट. अशा कामाला छोटी इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का, रेंज पुरेल का, आणि साइटवर लाइट नसेल तर गाडीच्याच बॅटरीवर वेल्डिंग होईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: होणार नाही. या वर्गातल्या आपल्याकडच्या गाड्यांना २३० व्होल्टचं बाहेर काढायचं सॉकेट नसतं. मागून इन्व्हर्टर जोडून वीज काढून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. वॉरंटी जाईलच, शिवाय ती बॅटरी हात लावायच्या लायकीच्या विजेच्या दाबाची (व्होल्टेजची) नसते. जनरेटर न्यावाच लागेल, आणि त्याचं वजन हिशेबात धरावं लागेल.

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. केबलची ड्रम, पॅनेल, शिड्या हे सगळं वाहायला माझ्याकडे इलेक्ट्रिक पिकअप आहे आणि कोथरूडपासून भोसरीपर्यंत दुसऱ्यांच्या शेडमध्ये चार्जिंग पॉइंट बसवायची कामंही करतो. माझा माल जागा खाणारा, तुमचा वजन खाणारा. त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. जिथे फरक पडतो तिथे सांगत जातो.

आता रेंज. सगळे आधी हेच विचारतात, आणि तुमच्या बाबतीत ती काळजी सगळ्यात शेवटची आहे. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा २१.३ युनिटच्या बॅटरीवर १५४ किलोमीटरचा प्रमाणित आकडा होता. महिंद्राची झिओ २०२४ ची, तिचीही मोठी बॅटरी तेवढीच आणि आकडा १६० चा. हे आकडे चाचणीतले. मी कामासाठी त्याचे दोन तृतीयांश धरतो, म्हणजे शंभरच्या आसपास. सिंहगड रोडची गर्दी, भरलेला हौदा आणि एखादा चढ त्यात बसतो. २०२५ मध्ये आलेल्या एस प्रो ईव्हीचा आकडाही १५५ आहे, पण बॅटरी १४.४ युनिटचीच. गाडी हलकी आहे म्हणून ते जमतं. तुमचं लोखंड चढलं की ती हलकी राहत नाही, एवढं लक्षात ठेवून तिचा विचार करा.

तुमचे रोजचे चाळीस किलोमीटर यातली कुठलीही गाडी हसत करेल. भोर तुमच्यापासून साधारण पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. जाताना मालाने भरलेली, येताना रिकामी, म्हणून मोठ्या बॅटरीवर जाऊन येणं जमतं. मधे कुठे वाट वाकडी करायची नाही. सातारा शंभरच्या वर आहे, वाटेत कात्रजचा चढ आणि पुढे खंबाटकी घाट. तिथे पोचून चार्जिंग केल्याशिवाय परत येणं नाही. हायवेवर मोठ्या ताकदीचे चार्जर आहेत, पण चार्जर कितीही मोठा असला तरी गाडी तिला झेपेल तेवढीच वीज घेते. दोन हेल्पर रोजावर आणि मालक चार्जरपाशी चहा पीत बसलेला, हा हिशेब कुणालाच परवडत नाही. साताऱ्याच्या कामाला सरळ टेम्पो भाड्याने करा आणि त्याचं भाडं कोटेशनमध्ये लावा. महिन्यातल्या एका फेरीसाठी अख्ख्या वर्षाची गाडी निवडू नये.

मग अडचण कुठे आहे? तुमची गाडी फारच कमी फिरते, तिथे.

गणित करून बघू. दर सारखे बदलतात म्हणून गोल आकडे घेतो, तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. भरलेली इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला बॅटरीतलं साधारण ०.२ युनिट खाते. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ०.२५ धरा. युनिट दहा रुपयांनी पडलं तर किलोमीटरला अडीच रुपये. सीएनजीची तशीच छोटी गाडी गावात किलोला अठरा-वीस देते असं धरलं आणि गॅस नव्वद रुपये धरला, तर किलोमीटरला पाच रुपयांच्या आत-बाहेर. म्हणजे किलोमीटरमागे वाचतात अडीच रुपये. रोज तीस किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस म्हणजे नऊ हजार किलोमीटर, वाचले साडेबावीस हजार. इलेक्ट्रिक गाडी सीएनजीपेक्षा दोन-सव्वादोन लाखांनी महाग पडत असेल, तर ते पैसे फिटायला दहा वर्षं. रोज ऐंशी किलोमीटर फिरलात तर वर्षाला साठ हजार वाचतात आणि चार वर्षांच्या आत फरक निघतो. गाडी तीच आणि बॅटरीही तीच, फक्त चाकं जास्त फिरली.

जितकी कमी फिरेल तितकी रेंजची काळजी कमी, पण तितकीच ती परवडायला अवघड. कुरिअरवाले, दूधवाले, पाण्याचे जार टाकणारे यांना ती पटकन पटते, कारण त्यांची गाडी दिवसभर रस्त्यावर असते. आपली कारागिरांची गाडी सकाळी साइटला जाते, संध्याकाळी परत येते आणि मधले सात तास उन्हात उभी असते. उभ्या गाडीत पैसे वाचत नाहीत.

म्हणून निर्णय घेण्याआधी घरातली एक वही काढा: गेल्या तीन महिन्यांत बाहेरच्या टेम्पोला किती भाडं दिलंत? फॅब्रिकेशनवाल्यांचं मी पाहतो ते असं: स्वतःची गाडी साइटवर अडकलेली, म्हणून पावडर कोटिंगला माल न्यायला भाड्याचा टेम्पो, काच आणायला भाड्याचा टेम्पो, भोसरीहून हार्डवेअर आणायला परत तोच. या फेऱ्या स्वतःच्या गाडीवर आल्या, म्हणजे सकाळी माणसं आणि सामान साइटवर उतरवून गाडी लगेच पुढच्या कामाला निघाली, तर तुमचे चाळीसचे सत्तर-ऐंशी होतात. तेव्हा गणित बसतं. त्यासाठी गाडी चालवणारा एक माणूस मोकळा लागेल. तो असेल तर गाडी घ्या. नसेल, आणि तुम्हीच वेल्डर, तुम्हीच ड्रायव्हर असाल, तर सीएनजी बघा किंवा जुना हत्ती चालतोय तोवर चालवा. आठ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी पासिंग लागतं हे खरं, पण एका पासिंगचा खर्च नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांपेक्षा क्वचितच जास्त असतो.

पुढचा प्रश्न: रात्री गाडी कुठे उभी राहणार? वर्कशॉपमध्येच, असं धरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये असती तर परवानगीची वेगळीच कहाणी झाली असती. वरचं सगळं गणित स्वतःच्या मीटरवर उभं आहे. बाहेरच्या चार्जरवर युनिट वीस रुपयांना पडलं की किलोमीटरचे पाच होतात आणि सीएनजीशी बरोबरी होते. रोज बाहेर चार्ज करणार असाल तर विषयच सोडा. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर महावितरणचा दर त्या जागेच्या वर्गवारीचाच लागतो. वेगळं ईव्ही मीटर सक्तीचं नाही. बिलात वेळेनुसार दर असतील तर मात्र कुठल्या तासात स्वस्त आहे ते बघून लावा.

साध्या १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवर ही गाडी रात्रीत भरते. सव्वातीन किलोवॅटने २१ युनिट, म्हणजे रिकामी ते पूर्ण सात-आठ तास. पण ते सॉकेट कसलं आहे यावर सगळं आहे. घरातला गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. ही गाडी त्याच सॉकेटमधून सात तास सलग पंधरा अँपिअर ओढते. तुमच्या शेडमध्ये ग्राइंडर लावायचं जे सॉकेट असेल त्याची पितळी पकड ढिली झालेली असते. ढिल्या पकडीत प्लगची पिन तापते, तापली की पकड आणखी ढिली पडते. सकाळी प्लग ओढून बघा: पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं असेल आणि एका बाजूला थोडं वितळून आत बसलेलं असेल, तर ते सॉकेट पुढच्या महिन्यात तुम्हाला आग दाखवणार. डीबीपासून (मुख्य वितरण पेटीपासून) स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जादा करंट तोडणारा २० अँपिअरचा एमसीबी, गळती पकडून लाइट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि मेटलक्लॅड (धातूच्या पेटीतलं) औद्योगिक सॉकेट, एवढं करून घ्या. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. चार्जरखाली एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही.

अर्थिंगचं जरा खोलात सांगतो, कारण वर्कशॉपमध्ये इथेच सगळे घसरतात. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही, लाल दिवा दाखवतो. जुन्या शेडमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो किंवा नसतोच. मग कुणीतरी हुशार वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. त्या जोडणीत एखाद्या रात्री मागची न्यूट्रल सुटली, तर गाडीच्या सगळ्या लोखंडी अंगात करंट येतो. टायरमुळे ती जमिनीपासून तुटलेली असते, त्यामुळे काही कळत नाही. सकाळी ओल्या फरशीवर उभा राहून हौद्याचा फाळका उघडणारा पोरगा ते सगळं स्वतःच्या अंगावर घेतो. असे तुकडे मी बऱ्याच ठिकाणी काढले आहेत. खड्डा नवा करून घ्या, आणि पावसाळा सोडून त्यात अधूनमधून पाणी घालायला कुणालातरी सांगून ठेवा.

वेल्डिंग सेट चालू असताना त्याच फेजवर गाडी लावू नका. व्होल्टेज खालीवर झालं की चार्जर बंद पडतो आणि सकाळी गाडी अर्धी भरलेली सापडते. धायरी-नऱ्हे पट्ट्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, तेव्हा बुधवारी रात्रीच पूर्ण भरून ठेवा. यातल्या बहुतेक बॅटऱ्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीच्या असतात, त्यांना शंभर टक्के भरल्याने त्रास होत नाही. उलट मधूनमधून पूर्ण भरलेली बरी, आतले सेल एका पातळीवर येतात. मोबाइलचे ऐंशी टक्क्यांचे नियम इथे आणू नका.

आता खास तुमच्यासाठी. तुमच्या हातात वेल्डिंग सेट आहे, त्यामुळे गाडी आल्यावर पहिल्याच सुट्टीला तुम्ही हौद्यावर पाइपचा रॅक जोडायला घ्याल. डिझेल हत्तीवर ते सगळेच करतात. इलेक्ट्रिक गाडीवर अंगाला थेट वेल्डिंग करू नका. अर्थचा चिमटा चासीला लावला की दीडशे-दोनशे अँपिअर चासीतून वाट शोधत जातात. त्या वाटेवर बॅटरीवर लक्ष ठेवणारं यंत्र, मोटरचा कंट्रोलर, चार्जर हे सगळं बसलेलं असतं, आणि त्यातलं एक कार्ड उडालं की दुरुस्तीचं बिल रॅकच्या कित्येक पट. ड्रिल मारतानाही तेच. बॅटरी हौद्याच्या खाली आहे. नारंगी रंगाच्या केबल कुठून जातात ते आधी खाली वाकून बघा; नारंगी म्हणजे उच्च दाब, तिथे हात नाही. रॅक वर्कशॉपमध्ये पूर्ण तयार करून, रंगवून, मग यू-बोल्टने किंवा हौद्याला आधीपासून असलेल्या भोकांतून नट-बोल्टने आवळा. खाली रबरी पट्टी घाला. करायच्या आधी डीलरकडून लेखी विचारून घ्या, कारण पुढे वॉरंटीच्या वेळी पहिलं बोट त्या रॅककडेच जातं.

वजन. एस ईव्ही सुरुवातीला ६०० किलोची आली, २०२४ मध्ये टनाची आली. एस प्रो ईव्ही ७५० ची, झिओ ७६५ पर्यंत. तुमचा माल मोजू. चाळीस बाय चाळीसचा दोन मिलिमीटर चौकोनी पाइप सहा मीटरला चौदा किलो भरतो. असे तीस पाइप म्हणजे सव्वाचारशे किलो. सहा मिलिमीटरची आठ बाय चारची एक प्लेट एकशेचाळीस. त्यावर जनरेटर, वेल्डिंग सेट, गॅस कटरची बाटली. सहाशे कधीच पार झाले, आणि तुम्ही बसवलेला रॅक यातूनच वजा होतो. तेव्हा ६०० किलोची गाडी तुमच्यासाठी नाही. ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, पण मला दंडापेक्षा मागच्या टायरची आणि ब्रेकची काळजी जास्त वाटते.

शिवाय वीस फुटी पाइप सात-आठ फुटांच्या हौद्यात कसा बसणार? हा प्रश्न इलेक्ट्रिकचा नाही, हत्तीचाही तोच होता, पण हत्तीवर तुम्ही मागे लाल फडकं बांधून नेत होता. बाहेर आलेल्या मालाला २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजारांचा दंड आहे. पूर्ण लांबीचा माल दुकानदाराच्याच गाडीने वर्कशॉपवर उतरवून घ्या. तयार ग्रिल आणि कापलेला माल तुमच्या गाडीने न्या. माणसांचंही बघा: केबिनमध्ये ड्रायव्हर आणि एकच माणूस. हौद्यात हेल्पर बसवणं चालत नाही, तेव्हा ते दुचाकीवर येतील.

चालवायला या गाड्या मला आवडतात. क्लच नाही, जागेवरून ओढ चांगली, नवले पुलाखालच्या खोळंब्यात डावा पाय दुखत नाही. उताराचं मात्र समजून घ्या. अॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते आणि गाडी आवरते. भोरहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना याचा चांगला उपयोग होतो, कारण तोवर बॅटरीत जागा असते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतार लागला तर ही आवरण्याची ताकद जवळपास नसते, कारण वीज जायला जागाच नसते. शिवाय ही आवर फक्त मागच्या चाकांना. रिकामा हौदा आणि ओला रस्ता असेल तर मागचं टोक सरकतं. त्या उतारावर किती अपघात होतात ते तुम्ही रोज बघता. बोगद्यातून बाहेर पडतानाच वेग कमी ठेवा आणि पायातल्या ब्रेकवरच विश्वास ठेवा.

पावसाचं एवढंच: बॅटरी सीलबंद असते, साचलेल्या पाण्यातून हळू गेल्याने काही होत नाही. पण २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकता नगरीत जे झालं तसं पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. टो करताना मागची चाकं जमिनीवर फिरू द्यायची नाहीत, सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. आणि एखाद्या सकाळी गाडी मेल्यासारखी पडली तर घाबरू नका. बहुतेक वेळा मोठी बॅटरी ठणठणीत असते, साधी १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते.

कागदपत्रांत सुटसुटीतपणा आहे. पीयूसी नाही, परमिट नाही, थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात पंधरा टक्के सूट, पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. बॅटरीची वॉरंटी साधारण सात वर्षांची मिळते, पण किलोमीटरची मर्यादा आणि 'किती टक्के क्षमता उरली तर बदलून देणार' हे वाक्य छापील पानावर स्वतः वाचा. कर्जाची मुदत वॉरंटीपेक्षा लांब घेऊ नका. जुन्या इलेक्ट्रिक मालगाडीला बाजारात भाव काय येतो याचा भरवसा अजून बसलेला नाही, त्यामुळे मी स्वतः गणितात विक्रीची किंमत शून्य धरली होती.

तुमच्या माहितीवरून माझं मत असं: आहे त्या चाळीस किलोमीटरवर घेऊ नका. टेम्पोच्या भाड्याच्या फेऱ्या धरून आकडा सत्तरच्या पुढे गेला आणि ड्रायव्हर मोकळा असला, तर सातशे किलोच्या वरची, २१ युनिटच्या आसपासची गाडी घ्या. डीलरकडे डेमो मागताना रिकामी गाडी शोरूमभोवती फिरवून आणू नका. तुमचा खरा माल, जनरेटरसकट, आधी काट्यावर घालून वजन घ्या. मग तो माल चढवून आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी धायरीहून कात्रजचा चढ चढून खेड-शिवापूरपर्यंत न्या, माल तिथे न उतरवता परत आणा आणि दोन्ही टोकांना टक्के लिहून ठेवा. भरल्या गाडीचा डेमो द्यायला जो डीलर नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका. पाचशे किलो भरून जाऊन-येऊन किती टक्के गेले ते लिहिलंत, तर भोरचं जमेल का ते मी त्यावरून सांगू शकेन.